साप डूख धरतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगली जिल्ह्यात 19 वर्षं साप पकडतोय. शाळेत, ग्रामपंचायतीत, गणेश मंडळात, कुठंही बोलायला उभा राहिलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नागाला मारलं तर नागीण सूड घ्यायला येते का?

येत नाही. माणसाचा चेहरा लक्षात ठेवायचा, त्याचं घर शोधायचं, दबा धरायचा, एवढं सापाला जमत नाही. मिलनाच्या दिवसांत मादी मारली तर तिच्या अंगाचा वास जागेला राहतो, त्या वासावर नर तिथं येऊ शकतो. तो दिसला की लोक म्हणतात, बघा, आला. डूख धरणारा प्राणी माझ्या माहितीत एकच आहे आणि तो दोन पायांवर चालतो.

दुसरा प्रश्न मात्र सगळ्यांसमोर येत नाही. कार्यक्रम संपल्यावर चपला घालताना कुणीतरी जवळ येतं आणि हळू आवाजात विचारतं, "आमचं माणूस गेलं, म्हणून दिसंल ते जनावर आम्ही मारतो. त्यात काय चुकलं?" याचं उत्तर मला चपला घालता घालता देता येत नाही, म्हणून इथं लिहितोय.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका वस्तीवर बारा वर्षांच्या पोराला पान लागलं. जमिनीवर वाकळ टाकून झोपला होता. मण्यार चावली तर बऱ्याचदा दुखतही नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोट दुखायला लागलं, आईनं ओवा दिला. मग पापण्या उघडेनात, बोलणं जड झालं. आधी देवळात नेलं, नंतर जवळच्या दवाखान्यात. तिथं लस नव्हती. पुढच्या गावाला पोचेपर्यंत श्वास थांबला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं घरी आली आणि त्याच संध्याकाळी मला फोन आला: साप सापडलाय, या. गेलो. अंगणात दहा-पंधरा जण काठ्या घेऊन उभे होते. पत्र्याच्या पेटीमागे साप होता, काळपट तपकिरी, अंगावर पांढरे पट्टे. मी आकड्यानं ओढला आणि बॅटरी धरली. पट्टे मानेपाशी ठळक होते, शेपटीकडं पुसट होत गेले होते. मण्यारीचं उलटं असतं. तिचे पट्टे मानेपाशी नसल्यासारखेच, शेपटीकडं स्पष्ट, बहुधा जोडीजोडीनं. हा कवड्या होता. पाली खायला घरात शिरणारा, बिनविषारी.

मी पिशवीचं तोंड बांधलं. पोराचा बाप पुढं आला. "सर, पिशवी द्या हिकडं."

1972 चा वन्यजीव कायदा मला पाठ आहे, पण त्या अंगणात तो जिभेवर आला नाही. त्या माणसाचा राग खोटा नव्हता. 2000 ते 2019 या काळात आपल्या देशात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातल्या एका घरासमोर मी उभा होतो. आपलं लेकरू असं गेल्यावर ज्याला काहीच फोडावंसं वाटत नाही, त्याचीच मला भीती वाटेल. पण त्या रात्रीचा हिशेब मांडा. देवळात गेलेला वेळ, दवाखान्यात नसलेली लस, खराब रस्ता, आणि केव्हाच निघून गेलेली मण्यार. या सगळ्यांत काठीच्या टप्प्यात एकच जीव होता, आणि त्यानं काहीही केलेलं नव्हतं.

महाभारताच्या आदिपर्वात रुरूची गोष्ट आहे. लग्न ठरलेली प्रमद्वरा साप चावून मेली. रुरूनं आपलं अर्धं आयुष्य दिलं आणि ती उठली, त्यांचं लग्नही झालं. गमावलेलं सगळं परत मिळालं, तरी हा दंडा घेऊन दिसेल तो साप मारत सुटला. शेवटी एक म्हातारा डुंडुभ, विष नसलेल्या जातीचा, त्याला विचारतो की मी तुझं काय वाकडं केलं. कवड्या हातात आला की मला दर वेळी हाच प्रश्न ऐकू येतो.

जनमेजयाचं सर्पसत्रही तिथंच. बाप परीक्षित राजा तक्षक नागाच्या विषानं गेला म्हणून त्यानं यज्ञ मांडला, हजारो साप आगीत पडले आणि आस्तिकानं यज्ञ थांबवला तेव्हा वाचला कोण? तक्षक! तक्षक तरी आपल्या मनानं गेला होता का? परीक्षितानं ध्यानस्थ ऋषीच्या गळ्यात मेलेला साप अडकवला, त्या ऋषीच्या मुलानं शाप दिला, त्यातून हे सगळं झालं. जनमेजय आपला हिशेब बापाच्या मरणापासून धरतो, ऋषीचा मुलगा त्या मेलेल्या सापापासून.

तुम्ही म्हणाल, सापाचं ठीक आहे, पण माणसानं जाणूनबुजून आपलं वाटोळं केलं असेल तर? मी क्षमा करा म्हणणार नाही. कुणी कुणाला क्षमा करावी हे तिसऱ्यानं सांगू नये. शिक्षा व्हावी, जरूर व्हावी, मागे लागून मिळवावी. पण पट्टे कुठून सुरू होतात हे बघायची बॅटरी ज्याचं काळीज जळतंय त्याच्या हातात देऊ नये. तो वाईट असतो म्हणून नाही, त्याला त्या वेळी दिसत नसतं म्हणून. म्हणून सूड मला पटत नाही, गुन्हेगार खरा असला तरीही. कारण खरा आहे की नाही हे तपासायला सूड थांबतच नाही.

पिशवी मी दिली नाही. "दादा, हा तो न्हवं," एवढंच म्हणालो. त्यानं विचारलं, "मग तो कुठाय?" मला उत्तर देता आलं नाही.

मी गाडीकडं निघालो तसा तो मागून आला. ओढ्यापर्यंत दोघंही काही बोललो नाही. घाणेरीच्या जाळीपाशी पिशवी सोडली, कवड्या थोडा वेळ वेटोळं करून डोकं लपवून पडला, मग पालापाचोळ्यात शिरला. शेपटी दिसेनाशी होईपर्यंत तो उकिडवा बसून बघत होता.

"ह्याला इख नसतंच?"

"नसतं."

"मारला असता मी," तो म्हणाला, आणि तिथंच ओढ्याकाठी बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडला.