शिडी पुढे का आलीये

घरी येणारा प्रत्येक जण लेकीची खोली बघायला आत जातो, तिच्या उंच बेडच्या शिडीच्या पायात अंगठा आपटून घेतो आणि मग विचारतो, अगं ही शिडी एवढी पुढे का आलीये, सरळ उभी लावली असतीस तर केवढी जागा वाचली असती. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आधी ती सरळच होती.

बेड फॅब्रिकेटरकडून करून घेतलेला, खाली अभ्यासाचं टेबल, वर गादी आणि बाजूला गोल पाइपची एकदम उभी शिडी. लेक तेव्हा 7 वर्षांची. (6 वर्षांखालच्या पोरांना वरच्या बेडवर झोपवू नये असं अमेरिकेतली ग्राहक सुरक्षावाली मंडळी सांगतात, तेवढं आम्ही पाळलं होतं.) चढताना माकडासारखी जायची पण रात्री दोनला हाक यायची, आईऽऽ, शू लागलीये आणि उतरता येत नाहीये. उभ्या शिडीवर खालची पायरी दिसतच नाही ना, पोट शिडीला चिकटलेलं, पाय हवेत चाचपडतोय, त्यात डोळ्यावर झोप. वर तो गोल पाइप तळव्यात रुततो, मी स्वतः अनवाणी उतरून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी ठरवलं की लाकडाची आणि तिरकी करायची. चढायचं तर पोरं कशावरही चढतात हो, शिडी लागते ती उतरायला.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून साग आणला, महाग पडला. पाइन स्वस्त होतं पण त्यात गाठी फार आणि नेमकी पायरीच्या मधोमध गाठ आली तर तिथेच तडकायची भीती. बेडची फळी जमिनीपासून 60 इंच. शिडी टेकवायचा हिशोब असा की 4 फूट उंचीला पाया 1 फूट बाहेर, म्हणजे माझ्याकडे 15 इंच. हेच ते 15 इंच, ज्यांना तुमचा अंगठा लागतो.

सासूबाई म्हणाल्या, पायऱ्या जवळजवळ घे गं, छोटी आहे ती. त्यांचं चुकीचं नव्हतं पण 6-7 इंचाची फट सगळ्यात वाईट, पोराचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. म्हणून दर 10 इंचांवर पायरी, अशा पाच, सहावं पाऊल थेट बेडवर. पायऱ्या सपाट, साडेतीन इंच रुंद, कडा रंधा आणि पेपर मारून गोल केलेल्या. उभे दांडे बेडच्याही वर फूटभर काढले, कारण वरून पाठमोरं वळताना हाताला धरायला काहीतरी लागतंच, आणि नेमकं तेच बऱ्याच रेडीमेड शिड्यांना नसतं, का ते देव जाणे.

पायऱ्या नुसत्या स्क्रूवर ठेवायच्या नाहीत हे आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी बजावलं होतं. दांड्यात 3 सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खोल खाच पाडायची, पायरी त्यात बसवायची, फेव्हिकॉल लावायचा आणि मग बाहेरून स्क्रू, म्हणजे वजन लाकडावर येतं. मी दोन रविवार घालवून पटाशीने दहा खाचा पाडल्या, शिडी कलती म्हणून तिरक्या, एकदम मापात, आणि दांडे समोरासमोर धरले तर एकाच्या खाचा वर चढतायत आणि दुसऱ्याच्या खाली उतरतायत. दोन्ही डावे! काका दारात उभे राहून हसले, म्हणाले, ताई, चपलांसारखं असतं ते, एक डावा एक उजवा. परत भवानी पेठ, परत एक दांडा, परत एक रविवार. वाया गेलेला दांडा दारामागे आडवा ठोकलाय, त्याला दप्तर अडकवतो.

वर दोन बोल्ट बेडच्या फ्रेममध्ये, खाली टाइल्सवर सरकू नये म्हणून रबर. पॉलिश चकचकीत नाही केलं, पाय घसरतो.

आता रात्री हाक येत नाही. तुमच्या अंगठ्यासाठी खालच्या टोकांना जुन्या योगा मॅटचे तुकडे गुंडाळलेत, तरी परवा मामा आपटलेच.