‘का’ असा अर्ज चालत नाही

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यातलं. आजोबा सोप्यावर बसून रोज पेपर मोठ्यानं वाचायचे आणि मी दर ओळीला अडवायची. एप्रिल लागला की परसातल्या विहिरीचा तळ दिसायचा. ‘पाणी कुठे गेलं?’ म्हटलं की ते डोंगराकडे बोट करत, ‘खाणीत.’ ते मला काही केल्या पटत नसे. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की आत झिरपलेलं पाणी पंपानं उपसतात आणि भोवतालच्या विहिरी खाली जातात, हे पुष्कळ उशिरा कळलं. तरी आमच्या विहिरीचं कारण तेच का, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

पत्रकारितेच्या पहिल्याच वर्षी सर म्हणाले, आपल्या गावची बातमी आणा. मी दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाकला: ‘आमच्या वाड्यावरच्या विहिरी का आटतात?’ खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, ‘तुला कशाला हवं?’ खरं तर कलम 6(2) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही, पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. मी गप्प राहिले. काही दिवसांनी अर्ज नाकारल्याचं पत्र आलं.

मला रडू आलं. सर म्हणाले, त्यांचं चुकलेलं नाही. ‘का’चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानंच 2008 मध्ये दिलाय. कार्यालयाकडे नोंद मागायची, ‘का’ आपण शोधायचं.

लहानपणापासून मी फक्त ‘का’च विचारत आले होते. तो प्रश्न मोडून पुन्हा मांडायला मला आठवडा लागला. शेवटी लिहिलं: 2011 ते 2014, आमच्या वाड्यावर आलेल्या टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही, तारखांसह. 30 दिवस उलटले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं. मुदत चुकली म्हणून कलम 7(6) खाली प्रती फुकट मिळाल्या. मधल्या काळात पणजीला पाट्टोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन सप्टेंबर-ऑक्टोबर 2012 चे, खाणी बंद झाल्या तेव्हाचे, मराठी पेपर वाचून काढले.

2013 च्या उन्हाळ्यात फेऱ्या कमी दिसल्या. मी लगेच मथळा केला: ‘खाण थांबली, विहीर भरली’. सरांनी तो खोडला. ‘पावसाचे आकडे पाहिलेस?’ पाहिले नव्हते. ते मिळेपर्यंत बातमी थांबली, आणि थांबली ते बरंच झालं.

कारण परवा नोंदवही आजीला वाचून दाखवली. 2012 ची पहिली फेरी एप्रिलमधली. आजी म्हणाली, ‘नाही गो, त्या वर्षी शिगम्याच्या आधीच टँकर यायचा. हंडे घेऊन मीच उभी असायची.’

शिगमा मार्चमध्ये होता. मार्चच्या पानांसाठी उद्या नवा अर्ज टाकतेय.