सूचक कोण लिहू?

नगरपरिषदेच्या सभेत सूचक, म्हणजे ठराव मांडणारा, म्हणून आपलं नाव लागावं यासाठी माणसं किती भांडतात, हे बाहेरच्या कुणाला सांगून खरं वाटणार नाही. काँक्रीटचा रस्ता असो, हायमास्ट दिवा असो, ठरावाखाली सूचक कोण आणि त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक कोण यावरून पक्की दोस्ती तुटलेली मी पाहिली आहे. पुढे त्या ठरावाची नक्कल खिशात घालून प्रभागात फिरायचं असतं ना! मी सभा विभागाचा लिपिक. विषयपत्रिका काढायची, नोटिसा पोचवायच्या, सभेत कोपऱ्यातल्या टेबलावर बसून टिपणं घ्यायची आणि मग इतिवृत्त लिहायचं, हे माझं काम. गावाचं नाव लिहीत नाही, नोकरी अजून शिल्लक आहे. पश्चिम महाराष्ट्रातली 'क' वर्ग नगरपरिषद, निवडून आलेले १७, स्वीकृत २ आणि थेट जनतेतून आलेल्या नगराध्यक्षा, एवढं पुरे.

फेब्रुवारी २०२० मध्ये अर्थसंकल्पाची सभा झाली आणि मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद पडलं. बंद म्हणजे सभागृह बंद. गाव कुठं बंद पडतंय? पाणी रोज सोडावं लागत होतं, टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकावी लागत होती, गटारं तुंबत होती, घंटागाडीच्या ड्रायव्हरला पगार द्यावा लागत होता. फक्त ही कामं करणारी माणसं दुसरीकडे गेली होती. करनिरीक्षक नाक्यावर गाड्या अडवत होते, नळजोडण्यांचा बाबू विलगीकरण केंद्रात जेवणाचे डबे मोजत होता, बांधकामचे अभियंता बांबू आणि पत्रे खरेदी करत होते. हा खर्च सभेशिवाय कसा झाला? नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ५८(२) खाली नगराध्यक्षांना तातडीच्या प्रसंगी असा आदेश देता येतो, मात्र पुढच्या सभेपुढे तो ठेवावा लागतो. आणि पुढची सभा काही होत नव्हती. फायली माझ्या टेबलावर चढत चालल्या होत्या.

जुलैच्या सुरुवातीला नगरविकास विभागाचं पत्र आलं की सभा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्या. साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. आमचा नगरपरिषद अधिनियम १९६५ चा. मोबाइलवर सभा भरेल हे दोन्ही करणाऱ्यांच्या गावी नव्हतं. त्यामुळे नोटीस मात्र जुन्याच पद्धतीने, सात पूर्ण दिवस आधी, कागदावर आणि पोच घेऊन. एक नगरसेवक अण्णा प्रतिबंधित क्षेत्रात अडकलेले. आमचा शिपाई रस्ता बंद करणाऱ्या पत्र्यापाशी गेला, नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दगड बांधून आत टाकली. अण्णांनी आतून सही केलेली पोच तशीच बाहेर टाकली. शिपायाने ती चिमट्याने उचलून सॅनिटायझरने अशी भिजवली की सहीची शाई सगळी फुटली. ती पोच अजून फाइलला आहे.

सभा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. झूम सरकारी कामाला नको अशी केंद्राची सूचना एप्रिलमध्येच आलेली, म्हणून गूगल मीट. सभागृहात मी, मुख्याधिकारी साहेब, लेखापाल, स्वच्छता निरीक्षक आणि नगराध्यक्षा मॅडम, सगळे लांब लांब खुर्च्या टाकून. बाकीचे भिंतीवरच्या पडद्यावर. गणपूर्ती (कोरम) मोजायला मी उभा राहिलो तर अर्ध्यांचे कॅमेरे बंद. एकांच्या नावाऐवजी त्यांच्या नातवाने ठेवलेलं भलतंच काही दिसत होतं. प्रत्येकाला "भाऊ, तोंड दाखवा" म्हणून सांगावं लागलं. मागील सभेचं इतिवृत्त कायम झालं तेव्हा "मंजूर, मंजूर" असा गजर नेहमीसारखा झाला, पण एकापाठोपाठ एक, आवाज उशिरा पोचत असल्यामुळे. कुणाच्या तरी मागे कुकरची शिट्टी झाली, तीही मंजुरीतच धरली गेली असावी.

५८(२) च्या खर्चावर अपेक्षेप्रमाणे गरमागरमी झाली. फवारणीच्या हायपोक्लोराइटवर कुणी बोललं नाही, बांबूच्या दरावर मात्र सगळे बोलले, कारण बांबूचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो. आठवडे बाजाराच्या वसुली ठेकेदाराचा अर्ज होता, की बाजारच भरला नाही तर ठेक्याची रक्कम कशाची भरू. रास्त होतं. बंद काळापुरती सूट द्यावी असा प्रस्ताव वर पाठवायचं ठरलं. गाळेधारकांची भाडेमाफी पुढे ढकलली. गणपतीचा विषय लवकर आटपला. मूर्ती सार्वजनिक चार फूट आणि घरगुती दोन फूट असं शासनानेच ठरवून दिलं होतं, आम्हाला फक्त विसर्जनाचे हौद कुठे ठेवायचे एवढंच बघायचं होतं.

मग विषय क्रमांक ११. "नगरपरिषद हद्दीतील स्मशानभूमीत जळाऊ लाकूड पुरवठा करणेकामी वार्षिक दर व परिमाण मंजूर करणेबाबत." दरवर्षीचा विषय, परिमाण म्हणजे किती क्विंटल लाकूड. बेवारस आणि निराधार प्रेतांसाठी नगरपरिषद लाकूड देते, बाकीचे आपापलं आणतात. हा विषय मी वाचून संपायच्या आत मंजूर झालेला असतो.

लेखापालांनी सांगितलं, "मागच्या वर्षीचंच परिमाण धरलंय. दर थोडा वाढलाय. रक्कम तीन लाखांच्या आत बसतेय."

तेव्हा तीन लाखांच्या आत म्हणजे दरपत्रकांवर काम भागायचं. वर गेलं की ई-निविदा, मुदत, मग तांत्रिक लिफाफा आणि आर्थिक लिफाफा.

स्वच्छता निरीक्षक हळूच म्हणाले, "साहेब, नाही पुरायचं."

मास्कमुळे पडद्यावरच्यांना ऐकू गेलं नाही. "काय म्हणाले, काय म्हणाले?" झालं. साहेबांनी त्यांना माइकपाशी यायला सांगितलं.

त्यांनी मांडलं ते असं. उपजिल्हा रुग्णालय आपल्या हद्दीत आहे. तालुक्यातला माणूस तिथं गेला तर मृत्यूची नोंद आपल्याकडे होते, ती दरवर्षीच होते. पण एरवी नातेवाईक मयत गावाला नेतात, अग्नी तिकडे देतात, आपल्याकडे राहतो तो फक्त कागद. आता कोविडची मयत गावाला नेऊ देत नाहीत. बॅगेत बांधून आपल्याच शववाहिकेतून आपल्याच स्मशानात, पीपीई किट घातलेली आपलीच चार माणसं. मग लाकूडही आपलंच. शिवाय कोण निराधार आणि कोण नाही हे त्या वेळी विचारायचं कुणी? घरातले सगळे विलगीकरणात असतात, वखारीत जायला कोण येणार?

"मग किती धरायचं?" एका नगरसेवकाने विचारलं.

प्रश्न साधा होता. एका चितेला साधारण तीन क्विंटल लाकूड लागतं. परिमाण लिहायचं म्हणजे गुणाकार करायचा, आणि गुणाकारातला दुसरा आकडा काय असणार ते सगळ्यांना एकदमच कळलं. पुढच्या मार्चपर्यंत आपल्या गावात किती माणसं मरतील, हे नगरपरिषदेने ठराव करून मंजूर करायचं! लेखापालांच्या हिशेबात तर तो आकडा आधीच ठरला होता, तीन लाखांत बसेल तेवढा.

कुणी म्हणालं दुप्पट धरा. कुणी म्हणालं, अभद्र बोलू नका. पेपरवाल्यांच्या हाती ठराव लागला तर 'नगरपरिषदेला इतक्या मृत्यूंची अपेक्षा' असा मथळा येईल, ही भीती एकाने बोलून दाखवली आणि ती काही खोटी नव्हती. साहेब म्हणाले की तीन लाखांत बसवायला खरेदीचे तुकडे पाडता येणार नाहीत, लेखापरीक्षणात अडकू. एक सदस्य म्हणाले, "लाकडाचं चाललंय ते ठीक, आमच्या कब्रस्तानात खड्डा खणायला मजूर येईनात, जेसीबीचं भाडं धरा." लगेच दुसरे म्हणाले की लिंगायत दफनभूमीचंही धरा, तिथं तर जेसीबी आत जायला रस्ताच नाही. ही दोन्ही वाक्यं मी जशीच्या तशी टिपून घेतली. पण ठरावाचा मसुदा पुढे सरकेना. शेवटी माझा ठरलेला प्रश्न मी विचारला, "सूचक कोण लिहू?"

पडद्यावर एकेक माइक बंद व्हायला लागला. सभागृहात हात वर न करणारा माणूस निदान दिसतो तरी. इथं कॅमेरेही विझले.

आठ नंबर प्रभागातल्या ताई चौथ्या वर्षीही सभेत कधी बोलल्या नव्हत्या. बोलायचे ते त्यांचे मालक. सभागृहात मालकांना प्रवेश नसे, म्हणून ते व्हरांड्यात बसून शिपायाकरवी चिठ्ठ्या पाठवायचे. ऑनलाइन सभेने त्यांची मोठीच सोय केली होती. सकाळपासून ताईंच्या शेजारी पडद्यावर एक पांढरा खांदा दिसत होता आणि ताईंच्या नावाखाली पुरुषाचा आवाज येत होता. साहेबांनी दोनदा नियम सांगितला, दोनदा खांदा बाहेर गेला आणि परत आला. आता ताई त्या खांद्याकडे वळून काहीतरी बोलल्या. काय ते इतिवृत्तात नाही, माइक बंद होता. खांदा उठून गेला.

"माझं लिवा नाव," ताई म्हणाल्या. "पण क्विंटलवर घेऊ नका लाकूड."

लेखापालांनी विचारलं, मग कशावर?

"माझ्या माहेरी वखार हाय ओ. पावसाळ्यात लाकूड ओलं असतंय. वजनावर घेतलं की पाण्याचं पैसं जातात आणि पेटत काय नाही. मग डिझेल ओता, टायर घाला, ते बघवत नाही. आमच्या प्रभागाला लागून हाय स्मशान, मी रोज बघते. एका मयतीला किती पैसं ते ठरवा. कोरडं लाकूड, गोवऱ्या, डिझेल सगळं त्याच्यात. रचून द्यायचं त्यानंच. पेटलं नाही तर बिल नाही."

साहेब लेखापालांकडे बघत राहिले. प्रति अंत्यविधी दर. म्हणजे परिमाण लिहायचीच गरज नाही. जेवढ्या मयती तेवढी देयकं, अर्थसंकल्पातल्या तरतुदीच्या मर्यादेत, तरतूद संपली तर पुनर्विनियोजन, म्हणजे दुसरीकडची रक्कम इकडे वळवायची. रक्कम तीन लाखांवर जाऊ शकते म्हणून ई-निविदा काढायची आणि ती होईपर्यंत ५८(२) खाली. आकडा कुठेच येत नव्हता. लेखापालांनी खालच्या आवाजात "होतंय" म्हटलं आणि त्यांच्या तोंडून हा शब्द मी फार वेळा ऐकलेला नाही.

अनुमोदक म्हणून कब्रस्तानाचा विषय काढणारे सदस्य पुढे आले, जेसीबीचं भाडंही त्याच ठरावात घ्यावं या अटीवर. घेतलं. "ओले लाकूड स्वीकारले जाणार नाही" हे वाक्य मी मसुद्यात जादा घातलं आणि मॅडमनी ते वाचून दाखवायला सांगितलं. ठराव एकमताने मंजूर. त्यानंतर मोकाट डुकरांचा विषय आला आणि सगळे कॅमेरे परत सुरू झाले.

ताईंच्या मालकांनी दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन मला विचारलं की त्या ठरावावरचं सूचकाचं नाव बदलता येईल का, गावात बरं दिसत नाही. इतिवृत्त असं मागाहून बदलत नसतं, हे मी त्यांना कलमासकट सांगितलं. ते चहा न घेताच गेले.

ठेका ऑक्टोबरात सुरू झाला आणि थंडीत त्याचा फारसा उपयोग पडला नाही. काहींनी तर टोमणेही मारले. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचा जोर वाढला तेव्हा शेजारच्या गावांत लाकडासाठी रात्री अधिकाऱ्यांना वखारवाल्यांची दारं वाजवावी लागली. आमच्याकडे लाकूड शेडमध्ये रचलेलं होतं. माणसं कमी पडली, किट कमी पडले, जागा कमी पडली, बाजूच्या मोकळ्या जमिनीवर सरणं रचावी लागली. लाकूड कमी पडलं नाही. त्या महिन्यातली देयकं मीच नस्तीला लावली. प्रत्येक देयकाला मृत्यू नोंदणीचा क्रमांक जोडायचा होता, आणि आडनावं बहुतेक ओळखीची होती.

पुढे स्थानिक निधी लेखापरीक्षण झालं. त्यात आमच्यावर एक परिच्छेद, म्हणजे आक्षेप, निघाला: "सदर पुरवठ्याचे अंदाजित परिमाण निविदेत अथवा ठरावात नमूद केलेले नाही. खुलासा करावा." आम्ही ठरावाची नक्कल जोडून खुलासा दिला, की परिमाण प्रत्यक्ष मागणीवर अवलंबून होते. हे अनुपालन, म्हणजे आमचं उत्तर, अमान्य होऊन परत आलं, शेरा असा की अंदाज करणे शक्य होते. परिच्छेद अजून प्रलंबित यादीत आहे. दरवर्षी पथक आलं की मी तोच खुलासा तारीख बदलून पुन्हा देतो.