कोलोनची बारा चर्च आणि न चढण्याजोग्या ५३३ पायऱ्या

तासगावच्या बेदाण्याचे नमुने घेऊन मी ऑक्टोबरात जर्मनीतील कोलोन येथे भरणाऱ्या ‘अनुगा’ या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनाला गेलो. कामानिमित्तचा हा माझा पहिलाच परदेशप्रवास होता. शहरात पाहण्यासारखे एकच मोठे कॅथेड्रल आहे, ते रेल्वे स्थानकाला लागून असल्यामुळे अर्ध्या तासात पाहून होते आणि त्याच्या मनोऱ्यावर मात्र चढलेच पाहिजे, असे तेथे जाऊन आलेल्यांनी मला सांगितले होते. कॅथेड्रल स्थानकाला लागून आहे एवढी गोष्ट सोडली, तर हा सल्ला सपशेल चुकीचा होता. माझ्यानंतर जाणाऱ्यांची तशी फसगत होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम मनोऱ्याविषयी. दक्षिण मनोऱ्याच्या जिन्याला ५३३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. चढण्याचा दम असणे हा येथे प्रश्नच नाही. सिंहगड दर महिन्याला चढणाऱ्या माणसालाही हा जिना नकोसा होईल, कारण तो दगडी, गोल फिरणारा आणि अतिशय अरुंद असून चढणारे आणि उतरणारे त्याच जिन्यावर समोरासमोर येतात. पाच दिवस स्टॉलवर उभा राहून माझे पाय भरून आले होते, पायांत चामडी तळव्याचे ऑफिसचे बूट होते आणि झिजून मध्यभागी खोलगट झालेल्या पायऱ्यांवर ते सतत घसरत होते. वरून शाळकरी मुलांचा घोळका उतरू लागला, तेव्हा पायरीच्या जेमतेम चार बोटे रुंदीच्या आतल्या टोकावर, खांबाला पाठ टेकून, मी कितीतरी वेळ उभा होतो. वाटेत २४ टन वजनाची, १९२३ साली ओतलेली संत पीटरची घंटा दिसते, तेवढीच या चढणीची कमाई. सुमारे ९७ मीटर उंचीवरच्या सज्जातून शहर जाळीआडून दिसते आणि ज्या वास्तूसाठी आपण आलो ती तर पायाखालीच असल्यामुळे मुळीच दिसत नाही.

माझे स्पष्ट मत असे की मनोऱ्यावर चढू नये. ऱ्हाईन नदीपलीकडे, प्रदर्शनाच्याच बाजूला, डॉइट्झमध्ये ‘कोल्न ट्रायंगल’ नावाची उंच इमारत आहे. तिच्या १०३ मीटर उंचीवरच्या गच्चीपर्यंत जवळजवळ पूर्णपणे लिफ्टने जाता येते आणि तेथून नदी, लोखंडी पूल आणि कॅथेड्रलचे दोन्ही मनोरे समोर एकत्र दिसतात. हे मला कोणीही सांगितले नव्हते, याचे अजून वाईट वाटते.

मनोऱ्यावर खर्च झालेली शक्ती कॅथेड्रलच्या आत वापरावी. १२४८ मध्ये सुरू झालेले हे काम सोळाव्या शतकात थांबले, अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन शतकानुशतके तशीच उभी राहिली, १८४२ मध्ये बांधकाम पुन्हा सुरू झाले आणि १८८० मध्ये ते पूर्ण झाले. बाळ येशूच्या दर्शनाला आले असे मानल्या जाणाऱ्या तीन राजांच्या अस्थींची सोनेरी पेटी सगळेच पाहतात. पण दक्षिणेकडील भागात जर्मन चित्रकार गेऱ्हार्ड रिश्टर यांची २००७ मधील खिडकी आहे, तिच्याखाली ऊन असताना थांबावे. सुमारे ११,५०० चौकोनी काचांचे रंग फरशीवर उतरतात आणि ढग आला की क्षणात विझतात. मोठी बॅग घेऊन आत सोडत नाहीत. परतीच्या दिवशी मला दारातूनच मागे फिरावे लागले, म्हणून सामान आधीच स्थानकावरील स्वयंचलित लॉकरमध्ये ठेवावे.

कोलोनचे खरे वैभव मात्र जाड भिंती आणि गोल कमानींच्या रोमनेस्क शैलीतील बारा चर्चमध्ये आहे. ती कॅथेड्रलपेक्षा जुन्या घडणीची आहेत आणि दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत त्यांची प्रचंड हानी झाल्यानंतर दशकानुदशके खपून ती पुन्हा उभी केली गेली. त्यांपैकी ग्रोस सांक्ट मार्टिन हे चर्च तर १९८५ मध्येच पुन्हा उघडले. प्रदर्शन संध्याकाळी सहाला संपते आणि तोवर बहुतेक चर्चची दारे लागलेली असतात, त्यामुळे रोज थोडे थोडे पाहू हा बेत टिकत नाही. एक अख्खा दिवस जादा काढावा आणि तो सोमवार नसावा. सांक्ट उर्सुलामध्ये मी दुपारी पोहोचलो, तेव्हा सुवर्णकक्ष बंद होता आणि पुन्हा यावे लागले. मात्र भिंतींवर हजारो मानवी अस्थींची नक्षी आणि अक्षरे रचलेली ती १६४३ मधील खोली दोनदा फेरी मारण्याइतकी मोलाची आहे. वेळ अगदीच कमी असेल, तर रोमन वास्तूच्या भिंतींवर दहा बाजूंचा घुमट उचलून धरणारे सांक्ट गेरेओन तेवढे पाहावे.

मुक्कामाबाबत माझी मोठी लूट झाली. प्रदर्शनाच्या आठवड्यात मला ज्या साध्या खोलीसाठी नेहमीच्या तिप्पट भाडे मोजावे लागले, तिची खिडकीही नीट उघडत नव्हती. उशिरा आरक्षण करणाऱ्याने जवळच्या ड्युसेलडॉर्फ शहरात राहावे. तेथील गाड्या प्रदर्शनाला लागून असलेल्या डॉइट्झ स्थानकावर थांबतात. नदीतील बोटीची फेरी ठीक होती.

शेवटी नदीकाठच्या सांक्ट मारिया लिस्किर्शेन या लहान चर्चविषयी. लोक छतावरची तेराव्या शतकातील चित्रे पाहायला तेथे जातात, मीही त्यासाठीच गेलो होतो. पण दाराच्या वर १७८४ च्या महापुराची खूण आहे, तिच्याजवळच मी थबकलो. सांगलीत २०१९ मध्ये आमच्या घराच्या भिंतीवर कृष्णेच्या पाण्याची रेघ उमटली होती आणि रंग देताना वडिलांनी ती मुद्दाम तशीच ठेवली. दारात उभे राहून मी हात वर केला. खूण त्याच्याही वर होती.