गांजा, वेड आणि ‘कारण’ नावाचा रकाना

गांजामुळे वेड लागते का, हा प्रश्न आपल्याकडे सरकारी पातळीवर विचारला गेला त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यानंतर १८९३ साली हिंदुस्थान सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. या आयोगाने जवळपास बाराशे साक्षी नोंदवल्या आणि पुढच्याच वर्षी अनेक खंडांचा अहवाल सादर केला. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि त्या अहवालातले वेड्यांच्या इस्पितळांविषयीचे प्रकरण मला आजही विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगे वाटते.

त्या इस्पितळांच्या आकडेवारीवरूनच गांजा बदनाम झाला होता. १८९२ मध्ये दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा, चरस किंवा भांग असे नोंदलेले होते. आयोगाने ही २२२ प्रकरणे एकेक करून पुन्हा तपासली, तेव्हा संबंध मान्य करता येईल अशी ९८ उरली आणि त्यांतही इतर कारणांची सरमिसळ नसलेली फक्त ६१ निघाली. बाकीची नोंद कशी झाली होती? रुग्णासोबत पोलिसांकडून जो कागद येई, त्यात कारणाचा रकाना असे आणि तो मोकळा ठेवणे कोणालाच सोयीचे नसे. माणूस कधी चिलीम ओढत होता एवढे कळले की रकाना भरला जाई, आणि इस्पितळातला कारकून तेच आपल्या वहीत उतरवून घेई. वर्षाअखेरीस या नोंदींची बेरीज होऊन तिला शास्त्रीय पुराव्याचे रूप येत असे.

तरीही आयोगाने गांजाला सरसकट निर्दोष ठरवले नाही, हे त्याचा दाखला देणारे अनेकदा सोयीस्करपणे विसरतात. बेताच्या सेवनाने मनावर अपाय होत नाही, मात्र अतिसेवनाने, विशेषतः मुळात दुबळेपणा किंवा आनुवंशिक कल असलेल्या माणसात, वेड उद्भवू शकते, असा त्याचा निष्कर्ष होता.

आधुनिक संशोधनाची सुरुवात साधारणपणे स्वीडनपासून मानली जाते. तेथे १९६९-७० मध्ये सक्तीच्या लष्करी भरतीसाठी आलेल्या ४५,५७० तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला आणि १९८७ मध्ये असे दिसले की भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचे, प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट होते. सहापट हा शब्द भीतिदायक आहे. परंतु मूळ प्रमाण फार कमी असल्यामुळे, इतका गांजा घेणाऱ्यांपैकीही बहुसंख्यांना हा आजार झाला नाही. शिवाय आजार होण्याआधीच अस्वस्थ असलेली मुले गांजाकडे अधिक वळत असतील, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता? न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील अभ्यास याच कारणाने मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तेथे मुलांची अकराव्या वर्षीची मानसिक लक्षणे आधीच नोंदलेली होती. पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू केलेल्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांना सव्विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियासदृश विकार आढळला, तर इतरांत हे प्रमाण तीन टक्के होते. मात्र अकराव्या वर्षीची लक्षणे हिशेबात घेतल्यावर हा फरक पुष्कळ कमी झाला आणि गट लहान असल्यामुळे निर्णायक राहिला नाही.

पुढे २०१८ मध्ये सुमारे १ लाख ८४ हजार लोकांच्या जनुकीय माहितीवर आधारलेल्या अभ्यासातही स्किझोफ्रेनियाचा आनुवंशिक धोका माणसाला गांजाकडे नेतो, या दिशेचा पुरावा अधिक भक्कम निघाला. दुसरीकडे, गांजातला नशा आणणारा मुख्य घटक, म्हणजे टीएचसी, शुद्ध रूपात शिरेतून दिल्यास निरोगी स्वयंसेवकांतही काही काळ संशय आणि भ्रमासारखी लक्षणे उमटतात, हे प्रयोगशाळेत दाखवले गेले आहे. माझ्या मते दोन्ही वाटा खऱ्या आहेत, आणि त्यातली एकच निवडण्याचा आग्रह वादविवाद स्पर्धेत शोभतो.

यानंतर मुद्दा येतो तीव्रतेचा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११ ठिकाणच्या अभ्यासात रोज तीव्र गांजा घेणाऱ्यांत, म्हणजे टीएचसी दहा टक्के किंवा त्याहून जास्त असलेला गांजा घेणाऱ्यांत, मनोविकृतीची, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याची, शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली. असा गांजा नाहीसा झाला तर लंडनमधील ३० टक्के आणि ॲम्स्टरडॅममधील ५० टक्के नवे रुग्ण टळतील, हा त्यातला आकडा वृत्तपत्रांना फार आवडला. पण संबंध पूर्णतः कार्यकारणाचा आहे असे गृहीत धरले तरच तो टिकतो.

आपल्याकडची परिस्थिती या शहरांसारखी नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतली होती आणि त्यांत भांग घेणारे गांजा-चरसवाल्यांपेक्षा जास्त होते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने फुलोऱ्याच्या शेंड्याविना असलेली पाने वगळल्यामुळे पानांपासून केलेली भांग त्या कक्षेबाहेरच आहे. पितात ते भांग, ओढतात तो गांजा, आणि ओढताना बहुधा तंबाखूही मिसळलेली असते. अशा माणसांना त्या ११ ठिकाणच्या अभ्यासातला पाचपटीचा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

ओळखीचे पालक कधीकधी मला विचारतात, “सर, मुलाचं हे गांजामुळेच झालं ना?” मी डॉक्टर नसल्याने उत्तर देत नाही. मात्र मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना त्याने कोणत्या वयात सुरुवात केली, काय घेतले, किती वेळा घेतले, घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता का, आणि त्याचे एकटे राहणे किंवा संशय घेणे गांजाच्या आधीपासूनचे आहे का, एवढे कागदावर लिहून न्यावे, असे त्यांना सांगतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आठवायला पालकांना सर्वांत जास्त वेळ लागतो.