तुम्ही विचारलंत म्हणून: सिनेमा ऐकायचा कशाला?

“अख्खा सिनेमा मोबाइलवर मिळतो, मग त्याची ऐंशी वर्षं जुनी, खरखरणारी श्रुतिका कशाला ऐकता?” हे मला घरीदारी विचारतात. सुरुवात भांडी घासताना झाली. हात ओले, नजर कढईवर. कानच तेवढे मोकळे.

१९३४ मध्ये न्यूयॉर्कला ‘लक्स रेडिओ थिएटर’ हा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यात ब्रॉडवेची, म्हणजे तिथल्या नाट्यगृहांतली, नाटकं असत. १९३६ मध्ये बिऱ्हाड हॉलिवूडला हललं, सूत्रधार म्हणून दिग्दर्शक सेसिल बी. डीमिल आला आणि सिनेमांच्या श्रुतिका सुरू झाल्या. सोमवारी रात्री, तासाभरात, तीन अंक. मध्ये मध्ये साबणाचं गुणगान. (हाच तो लक्स. आपल्याकडे १९४१ मध्ये त्याच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या.) सगळं थेट प्रक्षेपण, समोर प्रेक्षक, नटांच्या हातात संहिता. चुकलं तर चुकलं!

टीव्ही घरोघरी यायचा होता. सिनेमा थिएटरातून उतरला की पुन्हा भेटायचा तो असा, कानांनी.

पण माझी खरी गंमत वेगळीच आहे. एप्रिल १९४३ मध्ये ‘स्क्रीन गिल्ड’ या दुसऱ्या रेडिओ कार्यक्रमात हम्फ्री बोगार्ट आणि इन्ग्रिड बर्गमन यांनी ‘कासाब्लांका’ हा आपलाच सिनेमा अर्ध्या तासात उरकला. तिथे तारे मानधन घेत नसत, ते चित्रपट व्यवसायातल्या गरजूंच्या निधीत जाई. पुढच्या जानेवारीत तोच सिनेमा ‘लक्स’वर, नायक रिक झाला अ‍ॅलन लॅड आणि नायिका इल्सा हेडी लामार. जिच्या रूपाची जगभर चर्चा, ती रेडिओवर! चेहरा वजा केल्यावर संवादात किती जीव उरतो, ते असं दोनदा ऐकलं की कळतं. लॅडचा रिक मला अजून पटलेला नाही. बोगार्ट थकलेला वाटतो, लॅड नुसता रुसलेला.

डीमिलचा आवाज मात्र जानेवारी १९४५ नंतर गायब होतो. रेडिओ कलाकारांच्या संघटनेनं एका राजकीय मोहिमेसाठी प्रत्येक सभासदाकडून एक डॉलर मागितला. मोहीम त्याच्या मताविरुद्ध होती, त्यानं तो दिला नाही आणि कार्यक्रमावर पाणी सोडलं. काही महिने पाहुणे सूत्रधार आले, मग विल्यम कीली कायमचा. बरा आहे, पण त्याच्या वेळेस माझी भांडी लवकर आटपतात.