चिऱ्याची भिंत आणि नेवऱ्यांची कढई

वाय-फायचा राउटर बाहेरच्या खोलीत, माझं टेबल मागल्या खोलीत आणि मधे जाड चिऱ्याची भिंत. फोंड्यातल्या जुन्या घरात राहणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. पावसात तर चिरा पाणी पिऊन बसतो आणि ओल्या भिंतीतून रेंज आणखी मार खाते. राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा इथपर्यंत पोचतच नाही, म्हणून पुढचे सगळे आकडे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे. सुरुवातीला फोनवरच्या अ‍ॅनालायझरमध्ये टेबलापाशी उणे ८१ डीबीएम (रेंजचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली). मेसेज जायचे, व्हिडिओ कॉल गोठायचा.

आधी फुकटातलं काम केलं. राउटर टीव्हीमागून काढून मधल्या दाराच्या रेषेत, कपाटावर ठेवला. उणे ७४. सात डेसिबल म्हणजे जवळजवळ पाचपट ताकद, तीही एक पैसा न खर्चता. चिऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही, दारातून जावं. अँटेना उभ्याच ठेवल्या; उभी काडी आडव्या दिशेला चांगली पसरते, वर-खाली कमी. माडीवर रेंज हवी असेल त्यांनी एक काडी आडवी करून पाहावी. चॅनेल, म्हणजे पट्ट्यातला आपला भाग, ११ वरून १ वर नेला, कारण शेजारीपाजारी सगळे ११ वरच.

मग राउटरच्या मागे पुठ्ठ्याला फॉइल चिकटवून कमान उभी केली. उणे ७०. यात जादू काही नाही. राउटरची ताकद वाढत नाही, उलट्या बाजूला वाया जाणारी इकडे वळते. त्याची किंमत लगेच कळली: पडवीत बाबांचा फोन रडायला लागला. कमान थोडी उघडी केली तेव्हा घरात शांतता झाली.

खरी मजा टेबलाकडच्या टोकाला आली. यूएसबी डोंगल (कॉम्प्युटरला वाय-फाय पकडून देणारं छोटं यंत्र) एक्स्टेंशन केबलवर घेतला (साधी केबल ५ मीटरच्या आतच ठेवा) आणि त्याच्यामागे अ‍ॅल्युमिनियमची कढई उभी केली, तोंड दाराकडे. कढईचा व्यास ३२ सेंमी, खोली ८. व्यासाचा वर्ग भागिले खोलीची सोळापट, म्हणजे १०२४ भागिले १२८: केंद्र, म्हणजे कढईवरून परतलेल्या लहरी जिथे एकवटतात ती जागा, तळापासून ८ सेंमीवर, नेमकं काठाच्या पातळीत. दोन चमचे आडवे बांधून डोंगल तिथे टांगला. कढई काही अचूक पॅराबोला (डिश अँटेनाचा आकार) नसते, पण २.४ ची तरंगलांबीच साडेबारा सेंमी, त्यामुळे सेंटीमीटरभर इकडेतिकडे झालं तरी फरक दिसत नाही. दिशा मात्र फार टोचते. कढई दारावरून जरा भिंतीकडे कलली की आकडा घसरतो. नीट रोखल्यावर उणे ६१, आणि वेग ४ वरून ३० एमबीपीएसच्या आसपास.

कढई नसेल तर जाळीची खोलगट गाळणीही चालते. भोकं तरंगलांबीच्या दहाव्या हिश्श्याहून, म्हणजे सेंटीमीटरभराहून, बरीच लहान असली की लहरींना ती सलग पत्र्यासारखीच. स्टीलचं भांडं हलकं असेल तर तेही घ्या. प्लास्टिक मात्र नको, त्यातून लहरी आरपार जातात.

एक व्यावहारिक अडचण. आईने विचारलंय, "चवथीच्या नेवऱ्या तुझ्या इंटरनेटात तळू काय?" तेव्हा त्याआधी कढई परत जाणार.

तिच्या जागी काजूचा गोल पत्र्याचा डबा येईल, आणि तो डबाच अँटेना होईल. व्यास साडेनऊ सेंमी, २.४ ला हा आकार जमतो. बाजूने भोक पाडून आत ३१ मिलिमीटर तांब्याची तार, म्हणजे पाव तरंगलांबी. तार बंद तळापासून किती अंतरावर बसवायची हे डब्याच्या व्यासावर ठरतं, ते गणित मांडून ठेवलंय. फक्त त्यासाठी अँटेना काढता येणारा डोंगल लागेल, माझा तसा नाही. पणजीला गेलो की बघतो.